आधी पदरचे पैसे: ज्वारी परिषदेच्या प्रवास-अनुदानाचा अनुभव

जून २०२३ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे ज्वारीवरील जागतिक परिषद भरली. त्याआधीची परिषद २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनला झाली होती. म्हणजे ज्वारीवर काम करणारे जगभरातले पैदासकार, रोगशास्त्रज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ एका ठिकाणी जमण्याचा योग पाच वर्षांनी येत होता. मी तेव्हा राज्यातील एका कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. करत होते, माझा विषय रब्बी ज्वारीवरील खडखड्या रोग हा होता, आणि परिषदेसाठी पाठवलेला माझा गोषवारा पोस्टर म्हणून स्वीकारला गेला होता. परदेशातील परिषदेला जाण्यासाठी तरुण संशोधकांना सरकारी अनुदान मिळते हे अनेकांना ऐकून ठाऊक असते. पण ते मिळवण्याची वाट प्रत्यक्षात कशी असते, पैसे नेमके कधी हातात येतात आणि तोपर्यंत कोणाच्या खिशातून जातात, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर मांडते आहे.

आधी रोगाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय मला तिथे जायचे का होते हे समजणार नाही. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि नंतर पाऊस जवळजवळ नसतो. काळ्या जमिनीने साठवलेल्या ओलाव्यावरच पीक तग धरते. दाणे भरण्याच्या वेळी ओल कमी पडली, की मातीत राहणारी मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी मुळांतून खोडात शिरते. वरून ताट हिरवट दिसत असतानाच ते बुंध्याजवळ मऊ पडते आणि वाऱ्याच्या एका झोताने आडवे होते. असे ताट बुंध्याशी उभे चिरले, तर आतला भेंड नाहीसा झालेला असतो, नुसते धागे उरलेले असतात आणि त्या धाग्यांवर कुटलेल्या मिऱ्यासारखे बारीक काळे कण चिकटलेले असतात. दाणा पोचट राहतो आणि कडबाही हलका निघतो. सोलापूर जिल्ह्यात ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांच्यासाठी कडब्याचे नुकसान दाण्याच्या नुकसानीपेक्षा कमी नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी ३५-१ हा स्वातंत्र्यापूर्वीच मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेला वाण आजही लोक आवडीने पेरतात. पण ओलावा संपत आल्यावर ताट उभे कसे राहील, हा प्रश्न या सगळ्या भागाला दर काही वर्षांनी भेडसावतो.

या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत वेगळ्या दिशेने काम झाले आहे. फुलोऱ्यानंतरही पाने हिरवी राखणाऱ्या ज्वारीचा तिथे काही दशके अभ्यास चालू आहे; त्यातील महत्त्वाचा स्रोत, बी-३५ नावाने ओळखला जाणारा, मुळात इथिओपियातील ज्वारीपासून आलेला. अशी झाडे फुटवे कमी ठेवून आधी पाणी वाचवतात आणि दाणे भरताना वापरतात, असे त्या संशोधकांनी दाखवले आहे. त्यांचे निबंध मी पुन्हा पुन्हा वाचले होते. माँपेलिएला ती माणसे येणार होती आणि आफ्रिकेतून खडखड्यावर काम करणारेही येणार होते. माझे सर म्हणाले, “तू गेलंच पाहिजेस. पैशाचं बघू.”

पैशाचे बघण्यासाठी कोणती दारे आहेत, हे शोधण्यातच सुरुवातीचा काळ गेला. केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना होती (हे मंडळ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे), सीएसआयआर (केंद्राची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) तरुण संशोधकांना परदेश प्रवासासाठी अंशतः अनुदान देते, जैवतंत्रज्ञान विभागाचीही अशी सोय आहे. मोठ्या राष्ट्रीय संस्थांतील विद्यार्थ्यांना ही नावे पहिल्या वर्षापासून पाठ असतात, कारण त्यांच्या आधीचे दहा जण त्या वाटेने गेलेले असतात. आमच्या विभागातून तोपर्यंत अशा योजनेत कोणी अर्ज केल्याचे कोणालाच आठवत नव्हते. त्यामुळे जुना अर्ज पाहून नवा लिहावा अशी सोय नव्हती. पुण्यातील एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीने तिचा मंजूर झालेला अर्ज मला पाठवला आणि तो समोर ठेवूनच मी माझा लिहिला. अनुदान मिळण्यात अशा एका मैत्रिणीचा वाटा किती मोठा असतो, हे मला तेव्हा कळले.

ज्या योजनेत मी अखेर अर्ज केला तिच्या अटी वाचायला सरळ होत्या: वय पस्तिशीच्या आत, निबंध स्वतः सादर करणार असल्याचे आयोजकांचे पत्र, संस्थाप्रमुखांची शिफारस, प्रकाशित निबंधांची यादी, आणि कमीत कमी अंतराच्या मार्गाने इकॉनॉमी वर्गाचे विमानभाडे. त्याशिवाय नोंदणी शुल्क आणि व्हिसाचे शुल्क मिळणार होते. राहण्या-जेवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. या परिषदेला का जायचे, याचे उत्तर मात्र ठरावीक शब्दांत लिहायचे होते. पहिल्या मसुद्यात मी आधुनिक तंत्रज्ञानाची ओळख, विचारांची देवाणघेवाण अशी वाक्ये लिहिली होती. सरांनी ती सगळी खोडली आणि विचारले, “तिथं कोणाला काय विचारणार आहेस, ते लिही.” मग मी तीन प्रश्न लिहिले. पहिला, कृत्रिम रोगलागण करताना टूथपिक पद्धतीत, म्हणजे बुरशी वाढवलेली टूथपिक ताटात टोचताना, ती पिकाच्या कोणत्या अवस्थेत टोचली तर निष्कर्ष अधिक भरवशाचे येतात. दुसरा, हिरवेपणा टिकवणाऱ्या वाणांत खडखड्या खरोखर कमी येतो की केवळ उशिरा येतो. तिसरा, हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीत या दोन्हींचे नाते बदलते का. पुढे ज्या कोणा विद्यार्थ्याने माझ्याकडे अर्ज दाखवायला आणला, त्याला मी हाच सल्ला दिला आहे.

या प्रक्रियेतील सर्वांत कठीण भाग वेळापत्रकाचा होता. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारीत सुरू होते. प्रत्येक प्लॉटमधील आडवी पडलेली ताटे मोजायची, बुंधे चिरून किती पेरांपर्यंत रोग चढला आहे ते नोंदवायचे, कणसे वेगळी खुडून मळणी करायची, हजार दाण्यांचे वजन घ्यायचे, ही कामे एक दिवसही पुढे ढकलता येत नाहीत. जूनमधील परिषदेच्या अनुदानासाठी कागदपत्रे जमवण्याचा काळ नेमका हाच. त्यातच मार्चअखेर येते. सरकारी पैशाला आर्थिक वर्ष असते. मंजुरी एका वर्षात आणि प्रवास दुसऱ्या वर्षात असला, की फाइल कोणत्या वर्षाच्या तरतुदीत धरायची हा प्रश्न उभा राहतो आणि तो सुटेपर्यंत ती हलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतावरून संध्याकाळी परत यायचे, हात धुऊन संगणकापुढे बसायचे आणि अर्जाची स्थिती पाहायची, असे कित्येक दिवस गेले. ‘विचाराधीन’ यापलीकडे तिथे काही दिसत नव्हते.

दरम्यान परिषदेच्या सवलतीच्या नोंदणीची मुदत जवळ आली. मंजुरी येईपर्यंत थांबावे तर शुल्क वाढणार, आणि आधी भरावे तर मंजुरी न आल्यास ते बुडणार. तिकिटाचेही तसेच होते. सरकारी खर्चाने होणाऱ्या विमानप्रवासाचे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन अधिकृत संस्थांकडूनच काढावे लागते. त्यामुळे मंजुरीपूर्वी मिळेल तिथून स्वस्त तिकीट काढून ठेवण्याचा पर्याय नव्हता. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जाण्या-येण्याच्या तिकिटाचे आरक्षण लागते, राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो आणि मागील काही महिन्यांचे बँकेचे विवरणपत्र लागते. म्हणजे व्हिसासाठी आरक्षण, आरक्षणासाठी मंजुरी, आणि मंजुरी कधी येणार ते कोणालाच ठाऊक नाही, असा तो गुंता होता. त्या विवरणपत्राची अडचण तर वेगळीच. माझी शिष्यवृत्ती दरमहा येत नसे. काही महिने काहीच नाही आणि मग एकदम थकबाकी, असे ती मिळत असे. व्हिसा अधिकाऱ्याला दाखवायच्या नेमक्या त्या महिन्यांत माझ्या खात्यावर मेसचे पैसे देण्यापुरतीच रक्कम होती. खर्च सरकार करणार आहे असे दाखवावे, तर मंजुरीचे पत्र अजून आलेले नव्हते.

मंजुरी आली ती एप्रिल सरताना. पत्र मोजून एक पानाचे होते आणि त्यातील महत्त्वाचे वाक्य हे, की प्रवास पूर्ण झाल्यानंतर मूळ कागदपत्रे सादर केल्यावर रक्कम संस्थेच्या खात्यात जमा करण्यात येईल. मी ते पत्र घेऊन विद्यापीठाच्या लेखा शाखेत गेले आणि मंजूर रकमेवर काही अग्रिम मिळेल का, असे विचारले. लेखाधिकारी सज्जन गृहस्थ होते. त्यांनी नियमांचे पुस्तक काढले, मला बसवून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही कर्मचारी नाही. कर्मचाऱ्याला अग्रिम देतो, कारण तो पगारातून कापून घेता येतो. उद्या तुमचा प्रवास झाला नाही, तर वसुली कुठून करायची?” त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. योजना विद्यार्थ्यांसाठी होती, पण पैसे पुढे देण्याची तरतूद फक्त नोकरदारांसाठी होती.

तिकीट, नोंदणी, व्हिसा, विमा आणि तिथले राहणे-जेवणे मिळून लाखाच्या वर रक्कम लागणार होती. सरांनी काही पैसे दिले, ते परत मागितले नाहीत तरी मी नंतर दिले. उरलेल्या रकमेसाठी आईने तिच्या पाटल्या काढून दिल्या आणि आण्णा मला घेऊन गावच्या पतसंस्थेत गेले. सोनेतारण कर्ज तासाभरात मिळाले. महिनोन्महिने चाललेल्या या सगळ्या व्यवहारात तासाभरात पार पडलेले हे एकच काम. आण्णांनी स्वतः आयुष्यभर पीककर्ज काढले आणि फेडले आहे. त्यांना या कर्जाचे फारसे काही वाटले नाही. मला मात्र वाटले, कारण माझ्या शिक्षणासाठी सरकारने मंजूर केलेल्या पैशावर व्याज माझे घर भरणार होते.

व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, मंजुरीचे पत्र आणि विद्यापीठाचे ना हरकत प्रमाणपत्र जोडले, आणि निघण्याच्या तोंडावर पासपोर्ट परत हाती आला. पोस्टर कापडावर छापून घेतले, म्हणजे घडी घालून हातातल्या पिशवीत नेता येते. पॅरिसहून माँपेलिएला मी रेल्वेने गेले, कारण विमानापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडत होते.

परिषदेतील व्याख्यानांबद्दल लिहीत नाही. त्यांतील बहुतेक पुढे निबंधरूपाने वाचायला मिळतात. जे वाचायला मिळत नाही ते पोस्टरपुढे घडते. माझ्या पोस्टरवर बुंधा चिरलेल्या ताटांची छायाचित्रे होती. ती पाहून एक ज्येष्ठ ऑस्ट्रेलियन संशोधक थांबले, आलेख नीट पाहिला आणि त्यांनी विचारले, की फुलोऱ्यानंतरचा जमिनीतील ओलावा किती खोलीपर्यंत मोजला आहे. मी साठ सेंटिमीटरपर्यंत मोजला होता. आमच्याकडच्या बहुतेक प्रयोगांत तेवढाच मोजतात. ते म्हणाले, भारी काळ्या जमिनीत ज्वारीची मुळे मीटरच्याही खाली जातात आणि दाणे भरतानाचे शेवटचे पाणी तिथूनच येते. दोन वाण वरच्या थरात सारखे दिसतील, पण खालच्या थरात एकाने पाणी राखलेले असेल आणि दुसऱ्याने संपवलेले असेल. त्यांनी माझ्याच वहीत मुळांचे चित्र काढून दाखवले. पुढच्या रब्बीत मी मीटरहून खोल नमुने काढले आणि आडव्या पडलेल्या ताटांचे प्रमाण त्या खालच्या ओलाव्याशी ताडून पाहिले. प्रबंधाचे चौथे प्रकरण त्यातून उभे राहिले. तो प्रश्न मला ई-मेलवर कोणी विचारला नसता, कारण माझे काम तोपर्यंत कोणाच्या नजरेसच आलेले नव्हते. परिषदा आता ऑनलाइनही होतात, मग एवढा खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे हेच सांगणे असते.

तिथेच माझ्याच वयाची एक इथिओपियन संशोधक भेटली. तीही टूथपिक पद्धतच वापरत होती. बुरशी वाढवलेली टूथपिक बुंध्याकडच्या दुसऱ्या पेरात टोचायची आणि नंतर रोग किती पेरांपर्यंत चढला ते पाहायचे, हे आम्हा दोघींचे सारखेच होते. पण फुलोऱ्यानंतर किती दिवसांनी टोचायची याबद्दल तिचा अनुभव माझ्याहून जास्त होता आणि तिने तो हातचे काही राखून न ठेवता सांगितला. जेवताना मी तिला प्रवासाच्या पैशांबद्दल विचारले. तिचे तिकीट तिच्या प्रकल्पाने थेट विमान कंपनीला पैसे देऊन काढले होते, हॉटेलचेही तसेच, आणि रोजच्या खर्चाची रक्कम निघण्यापूर्वी तिच्या हातात दिली होती. प्रवासानंतर तिने द्यायचा होता तो फक्त अहवाल. त्यात तिला काहीच विशेष वाटत नव्हते. आपल्याकडच्या अनुदानात आणि तिच्या अनुदानात रकमेचा फरक थोडाच होता. पैसे आधी मिळणे आणि नंतर मिळणे, हाच मोठा फरक होता.

परत आल्यावर देयक सादर केले. बोर्डिंग पास, तिकिटाची पावती, नोंदणीची पावती, हजेरीचे प्रमाणपत्र, उपयोगिता प्रमाणपत्र, त्यावर विभागप्रमुखांची, लेखाधिकाऱ्यांची आणि कुलसचिवांची सही. पहिला आक्षेप आला तो रेल्वेच्या तिकिटावर: मंजुरी विमानभाड्याची आहे, तर हा खर्च कशाचा? स्वस्त पडले म्हणून रेल्वेने गेले, असा खुलासा दिला. मग युरोचा दर कोणत्या दिवसाचा धरला, याचा पुरावा मागितला गेला. दिवाळी झाली, आणखी एक हंगाम पेरून निघाला, आणि मी पुन्हा बुंधे चिरत असताना रक्कम विद्यापीठाच्या खात्यात जमा झाल्याचे कळले. तिथून ती माझ्या खात्यात यायला अजून काही आठवडे लागले. पाटल्या सोडवल्या. व्याज कोणत्याही देयकात बसत नव्हते.

अनुदान देणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि ती औपचारिक नाही. एका ओळखदेख नसलेल्या विद्यार्थिनीचा अर्ज वाचून कोणीतरी तो योग्य ठरवला, म्हणून मी गेले. पण खर्च आधी आणि भरपाई मागाहून, या पद्धतीत आणखी एक निवड होऊन जाते आणि ती कोणत्याही समितीपुढे येत नाही. माझ्याबरोबर शिकणारा एक मित्र ज्वारीच्या खोडमाशीवर काम करत होता आणि त्याचे काम माझ्यापेक्षा सरस होते असे मला आजही वाटते. त्याचाही गोषवारा त्याच परिषदेला स्वीकारला गेला होता. त्याने अनुदानासाठी अर्जच केला नाही. त्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, बहिणीचे लग्न नुकतेच झालेले होते, आणि मंजुरी मिळाली तरी आधीचे लाख रुपये कोठून आणणार, हा हिशेब त्याने अर्ज भरण्यापूर्वीच केला होता. मंजूर-नामंजूर अर्जांची आकडेवारी कोणी काढली, तर त्यात तो कुठेही दिसणार नाही.

आता मी एका कृषी महाविद्यालयात शिकवते. माझ्या जुन्या विभागातील माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक फिरता निधी उभा केला आहे. त्यातून अनुदान दिले जात नाही. ज्याला कोणत्याही योजनेतून प्रवासखर्चाची मंजुरी मिळाली आहे, त्याला मंजुरीच्या पत्रावर तेवढी रक्कम बिनव्याजी पुढे दिली जाते आणि भरपाई आली की ती निधीत परत येते. निधी लहान आहे, एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना पुरत नाही. गेल्या वर्षी तुरीच्या मर रोगावर काम करणारा एक विद्यार्थी त्यातून गेला आणि त्याची भरपाई यायची आहे. ती येईपर्यंत पुढच्या एका अर्जदाराला थांबावे लागणार आहे, हे आम्हाला दिसते आहे. मंजुरी मिळताच किमान विमानभाडे थेट अधिकृत संस्थेला द्यावे आणि ती रक्कम विद्यार्थ्याच्या हातातून जाऊच नये, अशी मागणी करणारे निवेदन आम्ही तयार केले आहे, आणि इतर कृषी विद्यापीठांतील संशोधकांच्या सह्या त्यावर घेत आहोत.

निधीच्या पहिल्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ एका मुद्द्यावर गेला. व्हिसा नाकारला गेला, तर व्हिसाचे शुल्क, विम्याचा हप्ता आणि कधी कधी नोंदणीचे पैसेही बुडतात, आणि प्रवासच न झाल्यामुळे कोणतीही योजना ते भरून देत नाही. अशी रक्कम विद्यार्थ्याकडून हप्त्याने घ्यावी असे काहींचे मत होते. बऱ्याच चर्चेनंतर ती निधीनेच सोसायची आणि विद्यार्थ्याकडून वसूल करायची नाही, असे ठरले; निधीच्या नियमांत ते लिहून ठेवले आहे.